आतून कडी

मी टेम्पो चालवतो. भिवंडीच्या गोदामांतून माल भरायचा आणि नाशिक, धुळे, लातूर, जिथलं भाडं मिळेल तिथे नेऊन उतरवायचा. वाटेत उशीर झाला की ढाब्यावर गाडी लावतो, केबिनमध्ये पाय दुमडून झोपतो, सकाळी बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतो आणि छोट्या शेगडीवर चहा करून पितो. लग्नाच्या आधीपासून माझं असंच चाललंय. याला व्हॅन लाइफ म्हणतात, हे मला माझा चुलतभाऊ विपुल याने मोबाइलवर दाखवलं तेव्हा कळलं. माझी बायको इतकी वर्षं त्याला धंदा म्हणत होती, बिचारी.

त्या व्हिडिओत एक परदेशी जोडपं होतं. त्यांनी मालाची जुनी व्हॅन घेऊन आतून घरासारखी सजवली होती. पलंग, ओटा, पडदे, पिवळे दिवे. बाई मागचं दार उघडून, पाय खाली सोडून बसली होती. हातात कॉफी, समोर समुद्र. त्यांचा कुत्रासुद्धा आमच्या गावातल्या माणसांपेक्षा स्वच्छ होता.

"दादा, आमाला अशी गाडी करायची हाय," विपुल म्हणाला. "मालाची जुनी बघू, आतून बनवून घेऊ. तू चल बघायला. गाडीतला तुला कळतं."

गाडीतलं मला कळतं, यात वाद नाही. राहण्यातलं किती कळतं, हे त्याने विचारलं नाही, म्हणून मीही लगेच हो म्हटलं.

आमचं गाव अंबाडीच्या अलीकडे, वाडा रस्त्यापासून थोडं आत. जिथे आमचे बाप भात लावायचे तिथे आता पत्र्याची गोदामं उभी आहेत आणि आम्ही त्यांच्यात ड्युटी करतो. विपुल एका गोदामात सुपरवायझर आहे, त्याला रात्रीची शिफ्ट. त्याची बायको नेत्रा दुसऱ्या गोदामात स्कॅनिंगला, तिला सकाळची. तो घरात शिरतो तेव्हा ती चपला घालत असते. विपुलची आई, म्हणजे माझी काशीकाकू, नातवाची वाट बघून दमली आणि देवाला बोल लावायला लागली. देवाचा यात काही दोष नव्हता. शिफ्ट तो लावत नव्हता.

राहता राहिली रविवारची दुपार. पण त्यांची खोली म्हणजे घरातली आतली खोली. तिथेच देव्हारा, तिथेच तांदळाची कणगी आणि तिथेच गुणाबाई आत्याची पत्र्याची ट्रंक. आत्या म्हणजे माझ्या आणि विपुलच्या बापांची थोरली बहीण. तरुणपणी नवरा गेला, ती भावाच्या घरी परत आली आणि पडवीत झोपायला लागली, ती म्हातारी झाली तरी पडवीतच. ट्रंकेत तिची मशेरीची डबी. दिवसातून कितीदा मशेरीची तल्लफ येईल त्याचा नेम नाही, आणि आली की आत्या उठून सरळ आत. आत्याने आयुष्यात कधी दार वाजवलं नाही. तिच्या मते दार हे लोटायलाच असतं.

त्या खोलीला आधी कडी होती. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी दुपारी नेत्राने ती लावली. आमच्याकडे दिवसाढवळ्या दार बंद दिसलं की घरात काहीतरी बरंवाईट झालं असंच धरतात. आत्याने दार लोटलं, ते उघडलं नाही, आणि तिने बोंब ठोकली. शेजारी धावले. भावकीतले वडीलधारे केसरीनाथकाका पहार घेऊन आले. दार उघडलं तेव्हा नवराबायको धडधाकट उभे, आणि समोर अर्धं गाव.

"मना वाटला ग्यास सुटला," आत्या भाबडेपणाने सगळ्यांना सांगत होती. "दिसाची कडी कनाला लावाची गो?"

दुसऱ्या दिवशी काकूने कडीच काढून टाकली. पहार घेऊन आलेल्या माणसांना चहा पाजावा लागला होता, तो खर्च पुन्हा नको.

म्हणून गाडी बघायला निघालो तेव्हा विपुल समुद्राच्या गोष्टी करत होता, हर्णै म्हणाला, गुहागर म्हणाला, आणि नेत्रा खिडकीतून बाहेर बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, मना समुद्र नसला तरी चालंल. आतून कडी लागंल असा दार पायजे. बस."

मी हसलो. मला वाटलं, गंमत करतेय.

हरेशचा अड्डा धामणकर नाक्याच्या पुढे, लूमच्या कारखान्यांमागे. तो फक्त मालाच्या जुन्या गाड्या विकतो आणि लूमचा खडखडाट असल्यामुळे नेहमी ओरडूनच बोलतो. त्याने आधी एक उंच छताची, लांबलचक गाडी दाखवली. कापडाचे तागे वाहून निवृत्त झालेली. मी लगेच कामाला लागलो. मागचं दार पूर्ण उघडतं, लोडिंग दोन्ही बाजूंनी होतं, खालचा पत्रा सपाट आहे, ताग्यांच्या थप्प्या हलणार नाहीत. विपुल आत उभा राहिला, डोकं छताला लागलं नाही म्हणून खूश झाला. नेत्राने चपला काढल्या, आत चढली आणि सरळ पत्र्यावर आडवी झाली.

हरेशने आयुष्यात गिऱ्हाइकं टायरला लाथ मारताना बघितली होती, इंजिनला कान लावताना बघितली होती. गाडीत झोपून बघणारं हे पहिलंच. "मॅडम, तब्येत बरी आहे ना?" तो ओरडला.

"बरी हाय. आतून कसा उघडाचा?"

"आतून कशाला उघडायचं? माल काय स्वतःच्या पायाने उतरतो का?"

मला हे उत्तर एकदम पटलं. नेत्राला पटलं नाही. ती उठून बसली आणि दाराच्या आतल्या बाजूवरून हात फिरवायला लागली, तिथे गुळगुळीत पत्र्याशिवाय काही नव्हतं. मी म्हटलं, तसंही ही गाडी आपल्या आळीत शिरणार नाही. "शिरवाची कनाला? भाएर जावालाच घेतो ना?" ती म्हणाली. मग विपुलने अड्ड्यातल्या अड्ड्यात ती वळवून बघितली आणि हरेशच्या ऑफिसची पायरी तोडली, तेव्हा तो विषय आपोआप मिटला.

दुसरा एक छोटा हत्ती टेम्पो होता, मागे बंद डबा. विपुल आत आडवा झाला तर गुडघ्यापासून पाय बाहेर. "भाजीला उत्तम आहे," मी म्हटलं. दोघांनीही माझ्याकडे असं बघितलं की मी पुढच्या गाडीकडे चालायला लागलो.

तिसरी मधल्या आकाराची, पांढरी. ती आयुष्यभर वेफर्सच्या मालाला लागलेली होती. दार उघडलं की आतून मसाल्याचा वास यायचा आणि भूक लागायची. मी खाली वाकून स्प्रिंगचे पाटे बघितले, एकदम कोरे. वेफर्स म्हणजे पिशवीत भरलेली हवा, या गाडीने वजन असं कधी बघितलंच नव्हतं. ड्रायव्हरच्या पाठीमागे पत्र्याची भिंत, भिंतीत एक छोटी जाळी. मागच्या दाराचं बाहेरचं हँडल मात्र तुटलेलं, दार नायलॉनच्या दोरीने बांधलेलं.

"हँडल नवीन टाकून देतो," हरेश म्हणाला.

"नको," नेत्रा म्हणाली. "भाएरचा काय नको. आतल्या अंगाला कडी बसवून घेवू."

ती आत आडवी झाली. मग विपुल आत चढला, तोही शेजारी आडवा झाला. दोघांचे पाय बरोबर मावले. नेत्राने हात लांब करून दार ओढून घेतलं. बाहेर मी आणि हरेश उभे. लूम खडखडत होते.

"घेणार काय?" हरेशने जरा वेळाने विचारलं.

"घेतली समज," मी म्हटलं.

गाडी गावात आली आणि सल्ले सुरू झाले. केसरीनाथकाका म्हणाले, टपावर कॅरिअर बसव, मांडवाचे बांबू राहतील. काशीकाकू म्हणाली, आत दोन बाजूंना फळ्या टाका, लग्नाला बायका बसतील. मी म्हटलं, खाली कड्या ठोकून घ्या, दोऱ्या बांधायला बऱ्या. प्रत्येकाने एकेक सुधारणा सुचवली, आणि कोणाच्याही सुधारणेत कोणी झोपणार नव्हतं. आम्ही भिवंडीचे. डबा दिसला की आम्हाला त्यात काय भरता येईल तेवढंच दिसतं.

विपुल आणि नेत्राने कोणाचं ऐकलं नाही, हे मला तेव्हा उद्धटपणाचं वाटलं होतं. त्यांनी मिस्त्री लावला. प्लायवूडचा पलंग झाला, खाली खण झाले, कोपऱ्यात ओटा, छोटी शेगडी, पंखा. इथल्याच लूमच्या कापडाचे निळे पडदे. गाडीची नोंद बदलून घेण्यासाठी विपुलने सुट्टीचे सगळे दिवस घालवले. आणि मागच्या दाराला नेत्राने नाक्यावरच्या दुकानातून स्वतः निवडून आणलेली पितळी कडी, घराच्या मोठ्या दाराला लावतात तशी. बाहेरून दार दोरीने बांधायचं, आत गेलं की कडी. नेत्राने ती पहिल्या दिवशी लावली, काढली, पुन्हा लावली. तिचा चेहरा बघून मला माझ्या त्या 'भाजीला उत्तम'ची लाज वाटली.

बोनेटवर नारळ फुटला आणि त्याच संध्याकाळी केसरीनाथकाका आले. त्यांच्या पुतण्याची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडव, स्पीकर, मटणाची पातेली, पाहुण्यांची ने-आण, आणि गावात ज्याच्याकडे गाडी त्याच्याकडे हळदीचा निरोप आधी जातो, आमंत्रण नंतर. नाही म्हणायची रीत नाही. माझा टेम्पो किती हळदींना गेला असेल त्याचा हिशेब मी ठेवत नाही, त्याने फक्त रक्तदाब वाढतो.

"उद्या सकालचेला पाठव," काका विपुलला म्हणाले आणि आत डोकावले. "हा पलंग तेवढा काडून ठेव. स्पीकर बरोबर रातील."

विपुलच्या तोंडात 'हो काका' आलेलंच होतं. तेवढ्यात नेत्रा पुढे झाली. डोक्यावर पदर, आवाज एकदम गोड.

"न्या ना काका. तुमचीच गाडी हाय. फक्त आधीच सांगतंय, नंतर बोल नको. या गाडीतशी पयले मुडदे नेत व्हते. आमी धुतली, गोमूत्र पन शिंपडला. पन हळदीचा काम हाय, म्हणून सांगतला."

काकांचा हात दारावर होता, तो त्यांनी हळूच काढून धोतराला पुसला. मग माझ्याकडे बघितलं. "धनेश, खरा?"

गाडीतून अजून मसाल्याचा वास येत होता. नेत्राने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ती खाली मान घालून उभी. "हरेशचा काय भरवसा, काका," मी म्हटलं. यात एक शब्दही खोटा नव्हता.

त्या हळदीला माझा टेम्पो गेला. पातेल्यांतला रस्सा सांडला, तो वास मी अजून धुतोय.

दुसऱ्या दिवसापर्यंत बातमी अंबाडीच्या बाजारापर्यंत पोचली. पोरं गाडीला हात लावेनात. तिच्या सावलीत कोणी बसेना. काशीकाकूने ती दारासमोर उभी करायला साफ नकार दिला, म्हणून ती गावाच्या कडेला चिंचेखाली गेली. काकूला विपुलने खरं सांगायचा प्रयत्न केला, पण आईची समजूत काढण्यासाठी मुलगा खोटं बोलतोय असं तिला वाटलं आणि ती जास्तच घाबरली. विपुल हिरमुसला. नेत्राला मात्र इतकी खूश मी पहिल्यांदाच बघत होतो. चिंचेखाली निवांत जागा, माणूस फिरकत नाही, आतून कडी. हर्णैला काय वेगळं असणार होतं?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर दोघं थर्मास घेऊन चिंचेकडे गेले. गाडीची दोरी सुटलेली होती. विपुलने दार ओढलं, उघडलं नाही. पुन्हा ओढलं. कडी आतून लागलेली होती.

"कोन हाय?" आतून आवाज आला. आत्याचा.

"आत्या, आमी हाव. उघड."

"थांबा जरा," आत्या म्हणाली.

ते थांबले. चिंचेच्या मुळावर बसून थर्मासमधला चहा त्यांनी बाहेरच संपवला. आत्याने तिन्हीसांजेला दार उघडलं. केस मोकळे सोडलेले, डोळ्यांवर झोप, तोंडात मशेरी. "बरा वाटला," ती म्हणाली. "कोनीच आला न्हाय." आणि गाडीतून मुडदे नेले होते हे ठाऊक नाही का असं विपुलने चिडून विचारलं, तेव्हा म्हणाली, "नेले तं नेले. मुडदा काय करतं? झोपतंच ना?"

त्यानंतर आत्या रोज दुपारी चिंचेखाली. मशेरीची डबी ट्रंकेतून निघून गाडीतल्या खणात गेली. म्हणजे ज्या एका माणसापासून दार लावायचं होतं, त्या एकाच माणसाला नेत्राची थाप लागू पडली नाही. नेत्रा माझ्याकडे येऊन रडली. "दादा, मी एवढा सगला आत्यासाठी केला काय?" मला तिची दया आली आणि हसूही आलं. मी म्हटलं, तुम्ही गाडी घेऊन जा ना निघून, ती चिंचेखाली ठेवायला थोडीच घेतलीय. आत्या काही हर्णैला धावत येणार नाही.

जायचं ठरलं. दिवाळी उलटल्यावर दोघांना एकाच आठवड्यात रजा मिळाली. दोन वेगळ्या गोदामांनी एकाच वेळी हो म्हणणं म्हणजे काय, हे गोदामात काम करणाऱ्यालाच कळेल. निघायच्या सकाळी मी टायरची हवा बघायला चिंचेखाली गेलो होतो. आत्या फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाची चटणी घेऊन आली. नेत्राच्या हातात फडकं दिलं, खणातून स्वतःची मशेरीची डबी काढून घेतली. "तुमी जा खुशाल," म्हणाली, आणि दाराच्या कडीला हात लावून उभी राहिली. मग ती तिथेच खाली बसली. चक्कर असेल असं वाटलं. चक्कर नव्हती.

आम्ही तिला नव्या पलंगावर घातलं आणि विपुलने गाडी ठाण्याला हॉस्पिटलकडे काढली. त्या पलंगावर नेत्रा अजून एकदाही झोपली नव्हती.

अशा रीतीने त्यांचं व्हॅन लाइफ सुरू झालं, हॉस्पिटलच्या आवारात, एका बदामाच्या झाडाखाली. एकजण वर आत्याजवळ, एकजण खाली गाडीत. एक उतरला की दुसरी चढायची. शिफ्टच म्हणायची, फक्त गोदाम बदललं. मी डबा घेऊन गेलो तेव्हा नेत्रा मागचं दार उघडून, पाय खाली सोडून बसली होती, हातात चहाचा कप. समोर रुग्णवाहिकांची रांग आणि तिच्यापलीकडे लाँड्रीची भिंत. मला तो व्हिडिओ आठवला.

"दादा, आत्या वर काय सांगतं ठाव हाय?" ती म्हणाली. "वॉर्डात पडदा न्हाय म्हणतं. सगले बगतान. मना गाडीत नेवून घाल म्हणतं."

तिने कप धुतला आणि वर गेली. तिची वेळ झाली होती.

रजा संपायच्या आत आत्या गेली. सकाळची वेळ होती. शववाहिनी दुपारनंतर मिळेल असं कळलं. विपुलने गावात केसरीनाथकाकांना फोन लावला, फोन स्पीकरवर होता, आम्ही तिघंही उभे. पलीकडून काकांचा नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "गाडीसाठी कनाला थांबतास? तुमच्याकडं हाय ना त्याच कामाची."

विपुलने नेत्राकडे बघितलं. मीही बघितलं. काका टोमणा मारत नव्हते, ते साधं, मनापासून, सोयीचं सांगत होते, आणि तेच जास्त बोचलं. नेत्राने ओठ आवळले, मान हलवली आणि गाडीतल्या पलंगावरची चादर बदलायला निघून गेली.

आत्याला आत ठेवलं. नेत्रा एका बाजूला बसली, विपुल दुसऱ्या बाजूला. गाडी मी चालवणार होतो. सवयीने मी दोरी हातात घेतली. "बाहेरून बांधू?"

"नको," नेत्रा म्हणाली. तिने दार ओढून घेतलं आणि कडी लागल्याचा आवाज आला.

मी गाडी काढली. पाठीमागच्या जाळीतून दोघं दिसत होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दोघं आतून कडी लावून निवांत बसले होते, आणि मधे आत्या. माजिवड्याच्या पुलावर मला याचं हसू आलं, पूल उतरेपर्यंत त्याचं रडू झालं, आणि मग मी रस्त्याकडेच बघत राहिलो. आत्याने मला लहानपणी मांडीवर झोपवलं होतं. तिला स्वतःची खोली नव्हती हे मला तिच्या मरणाच्या दिवसापर्यंत कधी सुचलं नव्हतं, आणि म्हणे मला गाडीतलं सगळं कळतं.

धामणकर नाक्यावर नेहमीसारखं तुंबलेलं. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, एक तागे भरलेली हातगाडी आडवी घुसलेली. उन्हात आम्ही जागच्या जागी उभे. इंजिन बंद केलं तेव्हा जाळीतून नेत्राचा आवाज आला. ती आत्याचे केस विंचरत होती.

"आत्या, मी खोटा बोललंय गो. मुडदे न्हाय नेले यातशी. वेफर्स व्हते. पयला तुलाच नेतंय." कंगवा थांबला. "तुला भाएर काडाची व्हती मना. आता जाव नको म्हणतंय तं जातंस."

विपुलने आत्याच्या अंगावरून हात पलीकडे नेऊन नेत्राच्या हातावर ठेवला. मी जाळीवरचा निळा पडदा ओढून घेतला. तेवढं मला कळलं.

गावात सगळे दारासमोर जमलेले होते. काशीकाकू रडत होती. जी गाडी तिने दारात उभी राहू दिली नव्हती, तिच्यासाठी आज पायरीपर्यंत सडा घालून ठेवला होता. गाडी थांबली तशी माणसं पुढे सरसावली. केसरीनाथकाकांनी मागचं दार धरून ओढलं. दार हललं नाही. त्यांनी जोर लावला. मागून कोणीतरी म्हणालं, अडकलाय, काहीतरी आणा. मी खाली उतरून तिथे पोचेपर्यंत काकांनी पुन्हा दाराला हात घातलेला होता.

"थांबा जरा," आतून नेत्राचा आवाज आला. "आत्याचा लुगडा नीट करतंय."

काका थबकले. त्यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कडी आतून हाय?" त्यांनी हळू विचारलं.

"हाय, काका."

त्यांनी दारावरचा हात काढून घेतला. आज तो धोतराला पुसला नाही. मागे वळले आणि सगळ्यांना म्हणाले, "सरका रं मागं. तिची ती उघडंल."

आम्ही मागे सरकलो. अख्खी भावकी, अर्धं गाव, भर दुपारी एका बंद दारासमोर उन्हात उभे राहिलो, आणि आतून कडी निघेपर्यंत कोणीही ते लोटलं नाही.